विचारा, सांगते : सासऱ्यांच्या पंचाहत्तरीचं पोर्क

मागच्या अंकात ओव्हनमध्ये भाजलेल्या कोंबडीबद्दल लिहिलं, त्यावर आलेल्या पत्रांत चार पत्रं पोर्कची निघाली. आपल्याकडं या विषयावर उघडपणे विचारायला माणसं जरा बिचकतात. म्हणून या वेळची सगळी जागा त्या चार पत्रांनाच देते.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही साताऱ्यात शाहूपुरीत राहतो. माझे सासरे फौजेत होते. नोकरीतली बरीच वर्षं त्यांची नागालँड-मणिपूरकडं गेली. तिथं मेसमध्ये भाजलेलं पोर्क मिळायचं, बाजूला बटाटे आणि गाजर, असं ते अजून सांगत असतात. पुढच्या महिन्यात त्यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होतायत. त्या दिवशी सहा जणांना पुरेल इतकं ते घरी करायचं मनात आहे. घरात २८ लिटरचा ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) आहे, पण त्यात आजवर केक आणि दोनदा तंगडी एवढंच केलंय. सासरे म्हणतात, रस्सा नको, साधं भाजलेलं हवं. मांस कुठलं घ्यायचं, किती वेळ ठेवायचं? आतून कच्चं राहिलं तर काय, याचीच मला भीती वाटते.

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. अपशिंगे मिलिटरीसारखी फौजींची गावं असलेल्या जिल्ह्यात असे सासरे घरोघरी असतील, आणि त्यांच्या जिभेवरची ती चव त्यांच्याबरोबरच राहून गेली असेल. तुम्ही ती त्यांच्या ताटात आणायची म्हणताय, तर नीट जमलंच पाहिजे. सविस्तर सांगते.

भीतीपासून सुरुवात करते, कारण ती खरी आहे. लग्नानंतर सांगलीत मी पहिल्यांदा ओव्हनमध्ये पोर्क केलं तो नववर्षाचा दिवस होता. घड्याळ लावून सव्वा तास ठेवलं, वरून तांबूस-खरपूस दिसलं, मी आनंदाने ताटात काढलं. पहिले तीन काप सुरेख निघाले. चौथा काप मधोमध गुलाबी, ओलसर, सुरीला चिकटणारा. माणसं पानावर बसलेली. सगळं परत ओव्हनमध्ये गेलं आणि जेवण तासभर लांबलं. माझ्या वडिलांनी तोवर ट्रेमधले बटाटे आणि भाकरी मागून घेतली, आणि बाकीच्यांनाही तेच वाढायला लावलं. त्या दिवसापासून मी घड्याळावर मांस काढत नाही. आत किती तापलंय ते बघून काढते.

म्हणून मांसाच्याही आधी एक वस्तू घ्या : स्वयंपाकाचा टोकदार थर्मामीटर. काही शे रुपयांत मिळतो. टोक मांसाच्या सगळ्यात जाड भागात मधोमध खुपसायचं, हाड असेल तर हाडाला टेकू द्यायचं नाही, नाहीतर आकडा चुकतो. अमेरिकेत सरकारी शिफारस अख्ख्या तुकड्याला ६३ अंश आणि मग तीन मिनिटं विसावा अशी आहे. २०११ पर्यंत तिथंही ७१ सांगत. आपल्याकडं मांस कुठून आलं याची खात्री तितकी नसते, म्हणून मी ७५च्या खाली कधीच काढत नाही. आणि मी जो भाग तुम्हाला घ्यायला सांगणार आहे, तो ८५-९० अंशांपर्यंत गेल्याशिवाय मऊच होत नाही. त्यामुळे कच्चं राहण्याचा प्रश्न आपोआप मिटतो.

तो भाग म्हणजे खांदा. दुकानात शोल्डर म्हणतात. पाठीचा लांबोळका तुकडा, लॉइन, दिसायला देखणा असतो, पण त्यात चरबी कमी. सत्तरच्या पुढं गेला की कोरडा ठक्क होतो आणि चघळत बसावं लागतं. पंचाहत्तरीच्या माणसाला ते देऊ नका. खांद्यात चरबीच्या रेषा असतात आणि चिवट पडदे असतात. ते पडदे सावकाश तापले की विरघळून चिकट रसासारखे होतात, आणि मांस दाताला लागण्याआधीच सुटतं. सहा जणांना हाड काढलेला, एका बाजूला चामडी ठेवलेला दीड किलोचा तुकडा सांगा. भाजून तो साधारण एक किलो भरेल. चामडी काढून देऊ का, असं दुकानदार विचारेल. काढू देऊ नका.

साताऱ्यात मटणाच्या नेहमीच्या दुकानात हे मिळणार नाही. पुण्याहून गोठवलेलं मागवावं लागेल, आठ दिवस आधी सांगून ठेवा. बंदिस्त पाळलेल्या पांढऱ्या यॉर्कशायर जातीचं घ्या. उकिरड्यावर फिरणाऱ्या जनावराचं कुणी स्वस्तात देतो म्हणाला तरी घेऊ नका. त्यात पट्टकृमीच्या गाठी असू शकतात, मांसाच्या धाग्यात तांदळाच्या दाण्याएवढ्या पांढऱ्या, पाणीदार पिशव्या. अशी एक जरी दिसली तरी सगळा तुकडा टाकून द्या. चांगलं मांस गुलाबी-लालसर दिसतं, चरबी पांढरी आणि घट्ट असते, वास जवळजवळ नसतोच. गोठवलेला तुकडा बाहेर ओट्यावर सोडवायचा नाही. फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात, खोलगट ताटात, पूर्ण एक दिवस.

आता आदल्या रात्रीचं काम. मांस नळाखाली धुऊ नका, शिंतोडे सगळ्या ओट्यावर उडतात. जाड कागदाने किंवा जुन्या फडक्याने टिपून कोरडं करा आणि ते फडकं टाकून द्या. चामडीवर धारदार सुरीने बोटभर अंतरावर आडव्या-उभ्या चिरा पाडा. चीर चरबीपर्यंत गेली पाहिजे, मांसापर्यंत नाही. सुरी बोथट असेल तर आधी धार लावून आणा, कारण कच्ची चामडी फार चिवट असते आणि हात घसरतो. दीड किलोला २० ग्रॅम मीठ लागतं, म्हणजे चहाचे साडेतीन सपाट चमचे. बारा लसूण पाकळ्या, दोन पेरं आलं, दोन चमचे जाड कुटलेली मिरी आणि अर्धा चमचा ओवा एकत्र वाटून ते मिठाच्या तीनपैकी दोन हिश्शांसह मांसाच्या बाजूंना चोळा. चामडीला मात्र फक्त उरलेलं मीठ. तिथं लसूण लागला तर जळून कडू होतो.

ओवा वाचून तुम्हाला नवल वाटेल. मेसच्या रोस्टमध्ये बहुधा थाइम नावाची पाल्याची वनस्पती असायची. तिचा वास ज्या थायमॉलमुळे येतो, तेच थायमॉल आपल्या ओव्यात असतं. फक्त ओव्याचा जोर जास्त, म्हणून अर्धाच चमचा. आलं साताऱ्याचंच वापरा, त्याचा तिखटपणा बाहेरच्या आल्याला नाही. गरम मसाला, हळद, तिखट काही नको. सासऱ्यांनी 'साधं' म्हटलंय ते अगदी बरोबर म्हटलंय.

हा तुकडा झाकण न ठेवता, चामडी वर करून, रात्रभर फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा. उघडं ठेवायचं कारण चामडी वाळली पाहिजे. ओली चामडी रबरासारखी होते, वाळलेली फुलून पापडासारखी कुरकुरते. सकाळी हात लावून बघा, ती ताणलेल्या कातड्यासारखी कोरडी लागली की काम झालं.

जेवायला एक वाजता बसायचं असेल तर नऊ वाजता मांस बाहेर काढा. साडेनऊला ओटीजी वरच्या-खालच्या दोन्ही रॉडवर २२० अंशांवर वीस मिनिटं तापवा. जाळी सगळ्यात खालच्या खाचेत, तिच्यावर मांस, खाली ट्रेमध्ये पेलाभर पाणी, म्हणजे टपकणारी चरबी जळून धूर होत नाही. पहिली पंचवीस मिनिटं २२०वरच. मग १६०वर आणा आणि पावणेदोन ते दोन तास राहू द्या. लहान ओटीजीत वरचा रॉड फार जवळ येतो. चामडीचा एखादा कोपरा काळा पडू लागला तर तेवढ्यावरच फॉइलचा तुकडा टाका. सारखं दार उघडून बघू नका. ट्रेमधलं पाणी आटलं तर थोडं घाला, तेवढ्यापुरतंच उघडा.

बटाटे. इथं माझं मन जरा जास्त गुंततं, कारण चांगल्या भाजलेल्या बटाट्यासाठी आमच्या घरी मांसाइतकीच भांडणं होत. माझं बालपण मिरजेत, मिशन हॉस्पिटलच्या आसपास गेलं. नाताळच्या दिवशी आई जाड बुडाच्या पातेल्यात वाळू घालायची, वर ताटली उलटी, तिच्यावर मांस आणि कडेने बटाटे. झाकणावर निखारे. ओव्हन तेव्हा कुणाकडं होता? दर अर्ध्या तासाला ती चिमट्याने निखारे हलवायची आणि झाकणाच्या कडेला कान लावून आतला चुरचुर आवाज ऐकायची. आवाज वाढला की दोन निखारे कमी करायची. ते बटाटे मांसाच्या चरबीत भाजलेले, बाहेरून तांबूस रवाळ, आतून पिठूळ.

तसे ओटीजीत होतात. पुसेगावकडचा जुना बटाटा मिळाला तर उत्तम, पाऊण किलो. नवा बटाटा नको, तो पाणचट असतो. सोलून मोठ्या लिंबाएवढे तुकडे करा, मिठाच्या पाण्यात आठ मिनिटं उकळा, पाणी निथळून वेगळं ठेवा. मग रिकाम्या पातेल्यात झाकण लावून दोन-तीनदा खडखडून हलवा. कडा खरबरीत होतात, आणि त्या खरबरीत कडाच पुढं कुरकुरीत होतात. मांसाचा शेवटचा तास उरला की ते खालच्या ट्रेमध्ये, सुटलेल्या चरबीत घोळून ठेवा. गाजरं चार, जाड काप करून, त्यानंतर वीस मिनिटांनी. कांदे चार, देठ न काढता चार फाका करून, गाजरांबरोबरच. महाबळेश्वरची गाजरं त्या वेळी बाजारात असतील तर तीच घ्या. नवलकोल आवडत असेल तर तोही चालतो. भोपळी मिरची, फ्लॉवर यांना एवढा वेळ सोसत नाही, या वेळी ती राहू द्या. सगळ्या भाज्या एकदम टाकल्या तर बटाटा कच्चा आणि कांदा कोळसा, ही नेहमीची चूक.

थर्मामीटर ८५च्या पुढं गेला आणि काटा खुपसून फिरवल्यावर मांस सैल पडलं की बाहेर काढा. फॉइल सैलसर पांघरून पंचवीस मिनिटं तसंच ठेवा. लगेच कापलंत तर सगळा रस पाटावर वाहून जातो. या पंचवीस मिनिटांत ओटीजी परत २२०वर, भाज्यांचा ट्रे वरच्या खाचेत. ट्रेमधला पातळ रस आधी एका पातेल्यात ओतून घ्या. भाज्या या वेळातच खरपूस होतात. चामडी फुलली नसेल तर ती अख्खी सोलून भाज्यांच्या शेजारी पाच-सात मिनिटं ठेवा. इथं मात्र नजर हलवू नका.

काढून ठेवलेल्या रसावरची चरबी चमच्याने काढा, त्यातली दोन चमचे कढईत घेऊन दीड चमचा मैदा परता, मग खालचा रस आणि बटाट्याचं ते बाजूला ठेवलेलं पाणी घालत ढवळा. पाच मिनिटांत ग्रेव्ही तयार होते. बाजूला आंबटगोड म्हणून वेगळ्या भांड्यात एक सफरचंद, मूठभर तासगावचे बेदाणे, चमचाभर गूळ आणि चमचाभर व्हिनेगर घालून शिजवून घोटा. इंग्रजी पद्धतीत नुसतं सफरचंद असतं, बेदाणे माझे. मांस धाग्यांच्या आडवं कापा. उभं कापलंत तर मऊ मांसही चिवट लागतं. आणि चामडीचा पहिला तुकडा सासऱ्यांना द्या. दातांचा त्रास असेल तर बारीक मोडून ग्रेव्हीत घालून द्या, पण द्या.

प्रश्न : सांगलीत विश्रामबागला राहते. पोर्क अर्धवट भाजलं असताना लाइट गेली, पन्नास मिनिटांनी आली. मी तसंच पुढं भाजलं आणि आम्ही खाल्लं, काही झालं नाही. पण योग्य केलं का? आणि आमच्याकडं पुस्तकात लिहिलेल्या वेळेत ते कधीच का होत नाही?

उत्तर : दार बंद ठेवलं असेल तर पन्नास मिनिटांत बिघडत नाही, ओव्हन आणि मांस दोन्ही उष्णता धरून ठेवतात. दोन तासांच्या वर गेलं आणि मांस कोमट झालं असेल तर मात्र मन घट्ट करून टाकून द्यायचं. आज अर्धं भाजून उरलेलं उद्या, हे तर कधीच करायचं नाही. त्या कोमटपणात जंतू झपाट्याने वाढतात. लाइटचा भरवसा नसेल त्या दिवशी कुकरचा मार्ग धरा : खांद्याचे दोन तुकडे, पेलाभर पाणी, पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर अर्धा तास. मग बिडाच्या तव्यावर सगळीकडून लालसर करा. चामडी कुरकुरीत होणार नाही, पण मांस सुरेख मऊ होतं.

वेळेचं कारण बहुतेक व्होल्टेज. २३० ऐवजी १९० येत असेल तर तुम्हाला वाटेल थोडाच फरक, पण रॉडची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश उष्णता गायब. संध्याकाळी सगळ्यांकडं दिवे-मोटारी चालू असताना हे जास्त होतं. दुपारी करून बघा. आणि ओटीजी एक्स्टेंशन बोर्डावर लावू नका. दीड हजार वॅटचं यंत्र दोन-अडीच तास चालतं, त्याला १६ अँपिअरचा भिंतीतला सॉकेटच हवा. बोर्ड वितळलेला मी डोळ्यांनी पाहिलाय.

प्रश्न : शिराळ्याकडं आमच्या पाहुण्यांकडं रानडुकराचं मटण मिळतं. ते या पद्धतीने भाजता येईल का?

उत्तर : नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्याने परवानगीशिवाय त्याची शिकार गुन्हा आहे, आणि त्या मांसाची कुणी तपासणी केलेली नसते. पाहुण्यांना स्पष्ट सांगा आणि घेऊ नका.

प्रश्न : इस्लामपूरहून लिहितोय. मी आणि माझा मुलगा पोर्क खातो, आई आणि बायको शाकाहारी. ओव्हन एकच आहे. आईला त्या ओव्हनची बिस्किटंही नकोशी वाटतात. शिवाय पोर्कने मेंदूत जंत जातात असं तिने ऐकलंय. आणि उरलेल्या मांसाचं काय करायचं?

उत्तर : आईंची भावना बाजूला सारून स्वयंपाक करू नका. वेगळा ट्रे, वेगळी जाळी, वेगळा पाट, वेगळी सुरी, आणि या सगळ्यावर लाल रंगाचा ठिपका. शक्य असेल तर एक लहान, वापरलेला ओटीजी घेऊन गच्चीत किंवा मागच्या पडवीत ठेवा. वासही घरात राहत नाही. भाज्या दोन ट्रेमध्ये भाजा. चरबीत भाजलेला बटाटा शाकाहारी नसतो, तो 'नुसता बटाटा' म्हणून कुणाच्या पानात वाढणं ही फसवणूक आहे. दारी येणाऱ्या पाहुण्यालाही आधी सांगा. माझ्या शेजारच्या मुसलमान मैत्रिणी नाताळला आमच्याकडं येतात. त्यांच्यासाठी वेगळ्या भांड्यातला भात आणि मासे असतात, आणि हे सगळं टेबलाच्या दुसऱ्या टोकाला असतं. त्या वीस वर्षं निश्चिंत जेवतात, ते यामुळंच.

जंताबद्दल आईंनी ऐकलंय त्यात तथ्य आहे, पण वाट वेगळी आहे. कच्च्या-अर्धकच्च्या पोर्कमधून जंत आतड्यात होतो. अशा माणसाच्या शौचातून अंडी बाहेर पडतात, आणि ती उघड्या शेतातून, पाण्यातून, न धुतलेल्या भाजीतून दुसऱ्याच्या पोटात गेली की मेंदूत गाठी होतात, फिट येऊ शकतात. म्हणजे आयुष्यात पोर्कला हात न लावलेल्या शाकाहारी माणसालाही हे होऊ शकतं. तेव्हा तुम्ही पोर्क पूर्ण शिजवा, शौचानंतर आणि जेवायला बसण्याआधी साबणाने हात धुण्याची सवय मुलाला लावा, आणि आईंच्या कोशिंबिरीची काकडी, कोथिंबीर, मुळा वाहत्या पाण्याखाली एकेक करून धुवा. आईंना हे शांतपणे समजावून सांगा. त्यांची काळजी रास्त आहे, तिला मान द्या.

तुम्ही उरलेल्याचंही विचारलंय, तेवढं सांगते. दोन तासांच्या आत झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवा, तीन दिवसांत संपवा. गार मांसाचे पातळ काप चांगले पडतात. उभा चिरलेला कांदा, दोन हिरव्या मिरच्या आणि चमचाभर व्हिनेगर घालून ते तव्यावर वाफ येईपर्यंत परता, आणि गरम ज्वारीच्या भाकरीबरोबर खा. वर जमलेली पांढरी चरबी काचेच्या बाटलीत भरून त्यावरही लाल ठिपका लावा. पुढच्या वेळच्या बटाट्यांना ती लागेल.